टर्मिनलचे सोंग आणि आज्ञावली आणण्याचा पेच

वैयक्तिक संगणकाने दूरच्या मोठ्या संगणकापुढे टर्मिनल म्हणून उभे राहावे, ही गरज १९७०च्या दशकाच्या उत्तरार्धात निर्माण झाली आणि पुढील दोन दशके टिकून राहिली. टर्मिनल म्हणजे स्वतः आकडेमोड न करणारे, कळफलकावर दाबलेली अक्षरे तारेवरून पाठवणारे आणि तारेवरून आलेली अक्षरे दाखवणारे उपकरण. १९६३ सालच्या टेलिटाइप ‘मॉडेल ३३’ या यंत्रात ती अक्षरे कागदाच्या गुंडाळीवर सेकंदाला दहा या गतीने उमटत असत. कागदाच्या जागी काचेचा पडदा आला, तरी आरंभीच्या पडद्यांचे वागणे कागदासारखेच राहिले. ओळीखाली ओळ येई आणि वर सरकून गेलेली ओळ पुन्हा दिसत नसे. डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशन, म्हणजे संक्षेपाने ‘डेक’, या अमेरिकी कंपनीची १९७५ची व्हीटी ५२ आणि १९७८ची व्हीटी १०० ही टर्मिनले मात्र यजमान संगणकाच्या आज्ञेवरून पडद्यावर हव्या त्या ठिकाणी लिहू शकत होती आणि त्यांतील व्हीटी १०० हे पुढे अवघ्या व्यवसायाचे प्रमाण ठरले.

या आज्ञा वेगळ्या तारेने येत नसत, मजकुराच्या ओघातच येत. २७ या सांकेतिक क्रमांकाचे ‘एस्केप’ हे अदृश्य चिन्ह आले, की पुढील काही अक्षरे मजकूर नसून सूचना आहेत असे टर्मिनलाने समजायचे, अशी ही पद्धत होती. व्हीटी १००मध्ये एस्केपनंतर उघडणारा चौकटी कंस, २ हा अंक आणि ‘जे’ हे रोमन अक्षर आले की पडदा पुसला जाई, तर कंसानंतर १०, अर्धविराम, ५ आणि ‘एच’ आले की कर्सर, म्हणजे लेखनाची जागा दाखवणारी खूण, दहाव्या ओळीतील पाचव्या स्तंभावर जाई. व्हीटी ५२ची लिपी निराळी होती. तिच्यात एस्केपनंतर ‘वाय’ आणि पुढे ओळ व स्तंभ यांच्यासाठी एकेकच अक्षर येई. ज्या संगणकाला हे संकेत कळत नसत, त्याच्या पडद्यावर सूचनेप्रमाणे काही घडण्याऐवजी कंस, आकडे आणि रोमन अक्षरे यांचा खच पडत असे. हे संकेत ओळखून वैयक्तिक संगणकाच्या पडद्यावर तोच परिणाम घडवून आणणारी आज्ञावली, म्हणजे प्रोग्रॅम, तिला टर्मिनल एम्युलेटर म्हणतात. रोखठोक सांगायचे तर ते टर्मिनलचे सोंग होय, आणि ते हुबेहूब वठणे यजमान संगणकासाठी आवश्यक असे, कारण पलीकडे खरे टर्मिनल आहे की नाही हे तपासण्याचे साधन त्याच्याकडे फारसे नसे.

सोंग वठवण्यातली पहिली अडचण अंगकाठीची होती. व्हीटी १००च्या पडद्यावर २४ ओळी आणि ८० स्तंभ असत, आणि हवे तेव्हा स्तंभ १३२ करता येत. १९७७च्या टीआरएस-८०चा पडदा ६४ स्तंभ आणि १६ ओळींचा होता, तर १९८१च्या ऑस्बोर्न १ या सुटकेसएवढ्या संगणकाच्या चिमुकल्या पडद्यावर एका वेळी ५२ स्तंभच दिसत आणि उरलेला मजकूर खिडकी सरकवल्यासारखा बाजूला जाऊन पाहावा लागे. ऑगस्ट १९८१मध्ये आलेल्या आयबीएम पीसीवर ८० स्तंभ आणि २५ ओळी होत्या. ही वाढीव पंचविसावी ओळ टर्मिनल-आज्ञावलींच्या कर्त्यांना आयतीच मिळाली आणि बहुतेकांनी तिच्यात जोडणीचा वेग, फाइलीचे नाव, मदतीची कळ असा तपशील मांडला.

दुसरी अडचण गतीची होती आणि तीच अधिक जिकिरीची ठरली. संगणकातून तारेवर एकामागून एक बिट सोडणाऱ्या व घेणाऱ्या दाराला सीरियल पोर्ट म्हणतात. आयबीएम पीसीत हे काम ८२५० नावाची चिप करीत असे आणि आलेले एकच अक्षर तिच्यात साठून राहू शकत असे. सेकंदाला ९६०० बिट या वेगाने एक अक्षर सुमारे एक हजारांश सेकंदात येते. तेवढ्या अवधीत प्रोसेसरने ते उचलले नाही, तर पुढचे अक्षर त्याच्यावर येऊन आधीचे कायमचे नाहीसे होते. ४.७७ मेगाहर्ट्झच्या प्रोसेसरला नुसता पडदा एक ओळ वर सरकवायला याहून अधिक वेळ लागे. संगणकात अंगभूत असलेली अक्षर वाचण्याची सोय दर वेळी दारावर जाऊन ‘कोणी आले आहे काय’ असे पाहणारी असल्यामुळे ती इथे निरुपयोगी होती. म्हणून जवळजवळ प्रत्येक गंभीर टर्मिनल-आज्ञावलीने ती बाजूला सारून थेट चिपशी व्यवहार केला आणि अक्षर आले की प्रोसेसरला हातातले काम थांबवून ते स्मृतीत ठेवायला लावणारी ‘इंटरप्ट’ पद्धत स्वतःच लिहिली. सगळी सोंगे आणता येतात पण पैशाचे आणता येत नाही, असे मराठीत म्हणतात. संगणकाच्या बाबतीत वेगाचे तसेच होते. पुढे १६ अक्षरे साठवू शकणारी १६५५० ही चिप आल्यावर हा जाच बराच कमी झाला.

तथापि या प्रकारच्या आज्ञावलींचा इतिहास ज्याने घडवला, तो पेच पडद्याचा नव्हता आणि चिपचाही नव्हता. आज्ञावली लिहून झाल्यावर ती दुसऱ्याच्या संगणकात जायची कशी, इथे घोडे पेंड खात होते. १९८०च्या आसपासच्या वैयक्तिक संगणकांत फ्लॉपीचे आकार आणि त्यांवरील लेखनाची रचना उत्पादकागणिक वेगळी असल्यामुळे एका कंपनीची फ्लॉपी दुसरीच्या यंत्रात बहुधा वाचता येत नसे. दोन संगणकांना तारेने जोडणे हाच खरा उपाय होता, पण तारेवरून फाइल घ्यायची तर ती घेणारी आज्ञावली आधी संगणकात असायला हवी होती, आणि नेमकी तीच तर मिळवायची होती. संगणकशास्त्रात या परिस्थितीला ‘बूटस्ट्रॅप’ची समस्या म्हणतात. तिच्यातून निघालेल्या वाटांनी आज्ञावलींच्या वितरणाची रीतही बदलून टाकली.

शिकागोचे वॉर्ड क्रिस्टेन्सन यांनी १९७७मध्ये सीपी/एम या तत्कालीन प्रमुख कार्यप्रणालीसाठी ‘मोडेम’ नावाची आज्ञावली लिहिली आणि ती सार्वजनिक केली. तिच्यातून निघालेला एक्समोडेम हा प्रोटोकॉल, म्हणजे दोन यंत्रांनी बोलण्याची ठरीव रीत, फाइलीचे १२८ बाइटचे तुकडे करून प्रत्येक तुकड्यासोबत त्यातील बाइटांची बेरीज पाठवीत असे. पलीकडे बेरीज जुळली नाही तर तोच तुकडा पुन्हा मागवला जाई. पुढील वर्षी फेब्रुवारीत क्रिस्टेन्सन आणि रँडी स्यूस यांनी दूरध्वनीवरून कोणालाही जोडून घेता येईल असा संगणकीय सूचनाफलक शिकागोत सुरू केला, आणि तिथून आज्ञावली उतरवून घेण्याचा परिपाठ पडला. सीपी/एमची उणीव अशी होती, की सीरियल पोर्ट कुठे आहे व त्याच्याशी कसे बोलायचे याचे सर्व यंत्रांना लागू होणारे प्रमाणच तिच्यात नव्हते. त्यामुळे मूळ आज्ञावलीवर त्या त्या यंत्रापुरते ठिगळ लावावे लागे, त्याला ‘ओव्हरले’ म्हणत, आणि आपल्या यंत्राचे ठिगळ कोणी लिहिले नसेल तर असेम्ब्ली भाषेत ते स्वतः लिहिण्यावाचून गत्यंतर नसे. जुन्या संगणकासाठी टर्मिनल शोधणे म्हणजे पुष्कळदा असे ठिगळ शोधणे होते.

आयबीएम पीसीच्या आगमनाने ही विविधता आटोक्यात आणली, आणि त्या यंत्रावरील आरंभीच्या टर्मिनल-आज्ञावलींतील एकीने व्यापाराची नवी रीतही पाडली. पूर्वाश्रमी वकील आणि पुढे संपादक असलेले कॅलिफोर्नियाचे अँड्र्यू फ्लूगेलमन एका सहलेखिकेबरोबर पुस्तक लिहीत होते. दोघांचे संगणक निराळे असल्याने मजकुराची देवघेव होईना, म्हणून त्यांनी १९८२मध्ये बेसिक भाषेत ‘पीसी-टॉक’ लिहिली. ती विकण्याऐवजी त्यांनी असे जाहीर केले, की कोरी फ्लॉपी आणि टपालहशील भरलेले पाकीट पाठवणाऱ्याला प्रत मिळेल, प्रती इतरांना वाटायला मुभा आहे, आणि उपयोग झाला तर ऐच्छिक २५ डॉलर पाठवावेत. या पद्धतीला त्यांनी ‘फ्रीवेअर’ हे नाव देऊन त्याचा व्यापारचिन्ह म्हणून हक्क राखला, त्यामुळे इतरांनी ‘शेअरवेअर’ हा शब्द रूढ केला. १९८५च्या जुलैत फ्लूगेलमन बेपत्ता झाले आणि त्यांचा शोध लागला नाही. त्यांनी घालून दिलेली रीत मात्र राहिली. वापरून पाहा आणि मग पैसे द्या, या तत्त्वाचा आरंभ करणाऱ्यांत संवादाची आज्ञावली असावी, यात नवल नाही, कारण तिचा गुणच असा की ती एकाकडे असून भागत नाही, पलीकडच्याकडेही असावी लागते.

याच सुमारास न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात या पेचाचे अधिक मूलगामी उत्तर शोधले जात होते. विद्यापीठात डेकचे डेकसिस्टिम-२० हे संगणक होते, आयबीएमचे मोठे संगणक होते, आणि विद्यार्थ्यांची संख्या इतकी वाढली होती की प्रत्येकाला डिस्कवर पुरेशी जागा देणे परवडत नव्हते. विद्यार्थ्यांनी आपल्या फाइली स्वस्त फ्लॉपीवर उतरवून स्वतःकडे ठेवाव्यात, असा विचार पुढे आला आणि त्यासाठी सीपी/एमवर चालणारे छोटे संगणक बसवले गेले. फ्रँक द क्रूझ आणि बिल कॅचिंग्ज यांनी १९८१मध्ये आखलेल्या प्रोटोकॉलला, भिंतीवर लावलेल्या दिनदर्शिकेतील बाहुलीपात्राच्या नावावरून, ‘कर्मिट’ हे नाव मिळाले. आयबीएमच्या मोठ्या संगणकांसाठी आणि पीसीसाठी त्याच्या आरंभीच्या आवृत्त्या डॅफ्नी त्झोअर यांनी सिद्ध केल्या.

कर्मिटची रचना पाहिली तर तिच्यामागचा संशयी स्वभाव जाणवतो. एक्समोडेमने तार स्वच्छ आहे असे गृहीत धरले होते, म्हणजे आठही बिट जसेच्या तसे पलीकडे जातील आणि मधले कोणतेही यंत्र एखाद्या चिन्हाला सूचना समजून गिळणार नाही. विद्यापीठातील वास्तव वेगळे होते. आयबीएमच्या जोडण्यांवर सातच बिट मजकुरासाठी मिळत, आठवा बिट चूक पकडण्यासाठी राखलेला असे, एका वेळी एकाच बाजूने बोलता येई, आणि मध्ये बसलेला संदेशवाहक संगणक नियंत्रक चिन्हे परस्पर खाऊन टाकी. म्हणून कर्मिटने प्रत्येक गोष्ट छापता येण्याजोग्या साध्या अक्षरांत लिहिण्याचे ठरवले. उदाहरणार्थ, १ क्रमांकाचे अदृश्य नियंत्रक चिन्ह पाठवायचे असेल, तर त्याच्या क्रमांकात ६४ मिळवून मिळणारे ‘ए’ हे अक्षर घ्यायचे आणि त्याच्या आधी ‘हॅश’ ही खूण लावायची. पलीकडची आज्ञावली ती खूण पाहून ६४ वजा करून मूळ चिन्ह परत मिळवते. आठवा बिट लागणाऱ्या बाइटाला अशीच आणखी एक खूण लागे. पाकिटाची, म्हणजे एका वेळी पाठवायच्या तुकड्याची, लांबीसुद्धा एका छापण्याजोग्या अक्षरात सांगायची असल्याने तिची मूळ मर्यादा ९४ एवढी राहिली. या साऱ्यामुळे फाइल फुगत असे, आणि प्रत्येक पाकिटानंतर पोच येईपर्यंत थांबावे लागत असल्याने वेगही कमी पडे. लांब पाकिटे आणि पोचेची वाट न पाहता अनेक पाकिटे सोडण्याची सोय पुढे जोडली गेली, तरी कर्मिट संथ असल्याची आरंभीची कीर्ती पुसली गेली नाही. ही टीका खरी असली तरी अपुरी आहे, कारण जिथे इतर वेगवान रीती मुळीच चालत नसत तिथे कर्मिट चालत असे.

आज्ञावली पोहोचवण्याच्या पेचालाही कर्मिटच्या कर्त्यांनी याच वृत्तीने हात घातला. डॉस या पीसीवरील कार्यप्रणालीत तारेवरून आलेला मजकूर थेट फाइलीत उतरवण्याची आज्ञा होती, पण २६ क्रमांकाचे चिन्ह आले की फाइल संपली असे ती समजत असल्याने आज्ञावलीसारखी फाइल तिच्यातून धड उतरत नसे. म्हणून कर्मिटची फाइल तीन बाइटांची चार छापील अक्षरे करून ‘बू’ या नावाच्या स्वरूपात लिहिली जाई, आणि ती उलटवून मूळ आज्ञावली तयार करणारा बेसिक भाषेतील छोटा प्रोग्रॅम सोबत छापून दिला जाई, जो वापरणाऱ्याने कळफलकावर हाताने टंकायचा असे. सीपी/एमवर हेच काम षोडशमान अंकांत लिहिलेली फाइल आणि तिचे आज्ञावलीत रूपांतर करणारी ‘लोड’ ही आज्ञा करीत असे. कोलंबियाने मूळ संहिता खुली ठेवली, चुंबकीय फितींवर भरून वितरणखर्च घेऊन टपालाने जगभर पाठवली, आणि ज्याच्याकडे जे यंत्र आहे त्याने त्याची आवृत्ती लिहून परत द्यावी असे आवाहन केले. परिणामी शेकडो प्रकारच्या यंत्रांसाठी कर्मिट तयार झाला. पीसीवरील एमएस-डॉस कर्मिटची धुरा पुढे युटा स्टेट विद्यापीठाचे जो डूपनिक यांनी वाहिली आणि त्यांच्या हाती ती व्हीटी ३२०पर्यंतची डेक टर्मिनले, टेक्ट्रॉनिक्सचे आलेखी टर्मिनल आणि अनेक लिप्यांचे संकेत वठवणारी आज्ञावली बनली.

बाजारात याच काळी क्रॉसटॉक, हेजचे स्मार्टकॉम यांसारखी विकाऊ उत्पादने होती. आयबीएमच्या ३२७० या टर्मिनलांचा संसार तर वेगळाच होता; ती अक्षरागणिक न बोलता भरलेला पडदा एकदम पाठवत आणि समाक्ष केबलने जोडली जात, त्यामुळे त्यांच्या अनुकरणाला नुसती आज्ञावली न पुरता संगणकात ‘इर्मा’सारखे कार्ड बसवावे लागे. घरगुती वापरकर्त्यांत मात्र शेअरवेअरचीच चलती राहिली. प्रोकॉम मिसुरी राज्यातील कोलंबिया या गावी जन्मली, आणि दोन कोलंबियांमुळे जुने लेखन वाचताना आजही गोंधळ होतो. तिच्या जोडीला कॅनडातून आलेली टेलिक्स होती. १९८६मध्ये चक फोर्सबर्ग यांनी रचलेला झेडमोडेम या आज्ञावलींत समाविष्ट झाल्यावर तुटलेली फाइल जिथे थांबली तिथून पुढे घेता येऊ लागली, आणि वेगाच्या शर्यतीत कर्मिट मागे पडला.

भारतात या साधनांचा उपयोग प्रथम संशोधनसंस्थांत झाला. इलेक्ट्रॉनिक्स विभागाने संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाच्या साहाय्याने १९८६मध्ये सुरू केलेल्या अर्नेट या शैक्षणिक जाळ्यात मुंबईच्या जुहू येथील राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्र आणि पवईची आयआयटी या दोन्ही संस्था आरंभापासून होत्या. लिपीच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचे काम कानपूरच्या आयआयटीत सुरू होऊन पुण्याच्या सी-डॅकमध्ये फोफावले. जिस्ट या नावाने ओळखल्या गेलेल्या तंत्रज्ञानातून पीसीत बसवायचे कार्ड निघाले तसेच बहुवापरकर्ता संगणकांना जोडायचे, भारतीय लिप्या दाखवणारे टर्मिनलही निघाले. १९९१मध्ये भारतीय मानक ठरलेल्या इस्की या संकेतावलीत रोमन अक्षरे पहिल्या १२८ स्थानांत जशीच्या तशी ठेवून देवनागरी व इतर भारतीय लिप्यांची अक्षरे वरच्या १२८ स्थानांत बसवली होती, म्हणजे प्रत्येक भारतीय अक्षराचा आठवा बिट चालू असे. याचा अर्थ असा, की सात बिटांच्या तारेवर इस्कीतील मराठी मजकूर सोडला तर आठवा बिट गळून ‘ळ’सकट सारी अक्षरे रोमन अक्षरांच्या आणि चिन्हांच्या अर्थशून्य रांगेत बदलतील. कर्मिटच्या संशयी स्वभावाचे मोल इथे ध्यानात येते, कारण त्याच्या पाकिटातून तीच फाइल सात बिटांवरूनही अखंड पोहोचते.

विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ रोजी मुंबईसह काही महानगरांत सार्वजनिक इंटरनेट सेवा सुरू केली, तेव्हा चित्रमय वापराच्या महागड्या खात्यांबरोबर ‘शेल’ नावाची स्वस्त खातीही होती. त्यांत ग्राहकाचा संगणक निव्वळ टर्मिनल होऊन निगमच्या युनिक्स संगणकावर काम करीत असे, आणि पत्रे व संकेतस्थळे फक्त मजकुराच्या रूपात दिसत. पाश्चात्त्य देशांत अडगळीत जाऊ लागलेला, चित्रे दाखवू न शकणारा डॉसवरचा जुना संगणक अशा खात्याला पुरेसा होता, म्हणून टर्मिनल-आज्ञावलींचा भारतातील बहर त्यांच्या मूळ भूमीतील उताराच्या काळातच आला.

विंडोज ९५सोबत हिलग्रेव्ह कंपनीची हायपरटर्मिनल आयतीच मिळू लागली आणि शोधाशोधीची गरज संपली. विंडोज व्हिस्टामधून ती वगळली गेली, तेव्हा फारशी हळहळ कोणाला वाटली नाही. जुन्या यंत्रांच्या जतनकर्त्यांपुढे मात्र मूळचा पेच आज जसाच्या तसा उभा आहे. आज्ञावली आता सहज सापडतात, परंतु त्या ज्या संगणकावर सापडतात त्याला फ्लॉपीचे खणच नसतात. असलेच आणि ते १.२ मेगाबाइटचे असले, तर त्यांचे लेखनशीर्ष अरुंद असल्याने त्यांवर लिहिलेली ३६० किलोबाइटची फ्लॉपी जुन्या खणात भरवशाने वाचली जात नाही. १९९३च्या एमएस-डॉस ६मधील फाइल-देवघेवीच्या सोयीने या अडचणीवर एक नामी तोड काढली होती. रिकाम्या संगणकावर मोड आणि सीटीटीवाय या दोनच आज्ञा टंकायच्या, म्हणजे तो आपल्या कळफलकाचा ताबा सीरियल पोर्टकडे सोपवतो आणि पलीकडचा संगणक त्या दारातून जणू हाताने टंकल्याप्रमाणे आज्ञावली आत भरतो. इथे भूमिका उलटतात आणि जुने यंत्र यजमान होते. हा मार्ग आजही चालतो, मात्र मोड ही आज्ञा जुन्या यंत्राच्या डिस्कवर असावी लागते.

निवडीचा प्रश्न उरतो. सूचनाफलकांची रंगीत चौकटचित्रे पाहण्याची हौस असेल आणि संगणक २८६ किंवा त्याहून पुढचा असेल, तर टेलिक्स उजवी आहे. ८०८८ प्रोसेसरचा मूळ पीसी वा एक्सटी असेल, किंवा पलीकडे खरोखरीचा डेक अथवा युनिक्स संगणक असेल, तर एमएस-डॉस कर्मिटला तोड नाही, आणि तिची १९९५मधील ३.१४ ही आवृत्ती पुरेशी आहे. सीपी/एमच्या यंत्रासाठी कर्मिटच्या संग्रहात त्या यंत्राचे नाव आहे काय हे आधी पाहावे आणि नसेल तरच क्रिस्टेन्सन यांच्या आज्ञावलीच्या वंशातील ठिगळांकडे वळावे. कोलंबिया विद्यापीठाने आपला कर्मिट प्रकल्प २०११च्या मध्यास बंद केला. त्या वेळी युनिक्सवरील सी-कर्मिट ही आवृत्ती खुल्या बीएसडी परवान्याखाली मोकळी करण्यात आली, आणि फ्रँक द क्रूझ यांनी विद्यापीठाबाहेर तिचे काम पुढे चालू ठेवले.